सेतीफचा रशीद

फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचा हिशेब एरवी सोपा असतो. कोणत्या क्लबातून कोणत्या क्लबात गेला, गोल किती केले, पैसे किती मिळाले. आज ज्या माणसाविषयी बोलायचं आहे, त्याच्या हिशेबात मात्र मधली चार वर्षं कोरी दिसतात. १९५८ ते १९६२. फ्रान्सच्या फुटबॉलच्या नोंदवह्यांत या काळात रशीद मखलुफीच्या नावावर एकही सामना नाही. प्रत्यक्षात तो ट्युनिसपासून हनोईपर्यंत खेळत फिरत होता. अडचण एवढीच, की ज्या संघाकडून तो खेळत होता त्या संघाचा देश अजून नकाशावर यायचा होता.

रशीदचा जन्म १२ ऑगस्ट १९३६ चा, अल्जेरियातल्या सेतीफ गावचा. अल्जेरिया तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात होता. नुसती वसाहत नव्हे, फ्रान्सचाच भाग, असं कागदोपत्री म्हटलं जाई. कागदावर सगळे फ्रेंच, पण मताचा आणि जमिनीचा प्रश्न आला की मुसलमान वेगळे.

८ मे १९४५ रोजी जर्मनी हरल्याचा आनंद सगळा युरोप साजरा करत होता. त्या लढाईत फ्रान्सच्या बाजूनं अल्जेरियन शिपाईही लढले होते. सेतीफमध्येही मिरवणूक निघाली. तिच्यात कुणी तरी हिरवा-पांढरा झेंडा काढला, स्वातंत्र्याच्या घोषणा दिल्या. पोलिसांनी गोळी चालवली. बुझीद साल नावाचा झेंडा धरलेला तरुण पडला. मग जमाव खवळला, त्यानं शंभराच्या आसपास युरोपियन मारले. आणि त्यानंतर फ्रेंच लष्कर, विमानं, युद्धनौका आणि सशस्त्र वसाहतवाले यांनी सेतीफ, गेल्मा, खेर्राता या भागात जे केलं त्याचा आकडा आजही ठरलेला नाही. फ्रेंच सरकारनं हजाराच्या आसपास सांगितला, अल्जेरिया पंचेचाळीस हजार सांगतो. इतिहासकार या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी असतात. रशीद तेव्हा आठ वर्षांचा होता.

त्याच सेतीफच्या शाळेत कातेब यासीन नावाचा मुलगा शिकत होता. त्या मिरवणुकीनंतर त्याला अटक झाली. पुढे तो अल्जेरियाचा मोठा लेखक झाला आणि लिहिलं ते फ्रेंचमध्ये. फ्रेंच ही आम्हाला युद्धात मिळालेली लूट आहे, अशा अर्थाचं तो बोलत असे. कवी माणूस असल्यामुळे मला रशीदची गोष्ट सांगताना यासीन आठवतोच. रशीदनंही एक लूट मिळवली होती. ती पायांत होती.

१९५४ च्या उन्हाळ्यात हा पोरगा सेंत-एतियेनला आला. मध्य फ्रान्समधलं हे कामगारांचं गाव, कोळशाच्या खाणींचं आणि बंदुकांच्या कारखान्यांचं. इथल्या क्लबाची जर्सी हिरवी. आपल्याकडे हिरवा रंग दिसला की लोक लगेच अर्थ लावायला बसतात, म्हणून सांगून ठेवतो, तो रंग एका किराणा दुकानांच्या साखळीचा होता. क्लब त्या कंपनीच्या नोकरांनी सुरू केलेला आणि मैदानाला नाव कंपनीच्या संस्थापकाचं, जोफ्रुआ गिशार. प्रशिक्षक होते जाँ स्नेला. त्यांनी या अठरा वर्षांच्या मुलात काय आहे ते ओळखलं आणि त्याला पुढच्या फळीत घातलं. जोडीला कॅमेरूनचा युजीन न्जो-लेआ. खाणकामगारांच्या गावाला आफ्रिकेतल्या दोन पोरांनी वेड लावलं. १९५७ साली सेंत-एतियेन पहिल्यांदा फ्रान्सचं विजेतं झालं. रशीदला फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात जागा मिळाली, चार सामने तो खेळला. सक्तीची लष्करी सेवा सुरू होती तेव्हा लष्करी संघांच्या जागतिक स्पर्धेतही फ्रान्सकडून खेळून विजेता झाला. पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषक होता आणि त्याचं नाव चर्चेत होतं.

दुसरीकडे १ नोव्हेंबर १९५४ पासून अल्जेरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. म्हणजे रशीदची कारकीर्द आणि ते युद्ध एकाच वर्षी सुरू झाले. फ्रान्समधले अल्जेरियन कामगार राष्ट्रीय मुक्ती आघाडीला वर्गणी देत, फुटबॉलपटूही देत. युद्ध पॅरिसपर्यंत आलं होतं. मे १९५७ मध्ये फ्रेंच चषकाचा अंतिम सामना संपला आणि कोलोंबच्या मैदानाबाहेर अली शेक्काल या फ्रान्सधार्जिण्या अल्जेरियन पुढाऱ्याला एका अल्जेरियन तरुणानं गोळी घातली. त्याच सामन्यात तुलूझ संघाकडून ब्राहिमी आणि बुशूक हे दोन अल्जेरियन खेळून चषक घेऊन गेले होते. मैदानात टाळ्या आणि दाराशी गोळी, अशी ती वर्षं. कोलोंबचं हे मैदान लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचं आहे.

एप्रिल १९५८ च्या मध्यावर सेतीफचेच दोन जुने खेळाडू, मुख्तार अर्रिबी आणि अब्दुलहमीद करमाली, रशीदकडे आले. निघायचं आहे, म्हणाले. बेत मोहम्मद बुमेझराग या संघटकाचा होता. फ्रान्समध्ये खेळणाऱ्या उत्तमोत्तम अल्जेरियन खेळाडूंनी एकदम गायब व्हायचं आणि ट्युनिसमध्ये जमून आपला राष्ट्रीय संघ उभा करायचा. रशीद शेवटच्या सामन्यात डोक्याला मार लागून इस्पितळात होता. तिथून त्याला गाडीत घातलं. बाकीच्यांच्या दृष्टीनं हे करार मोडणं होतं. रशीद सैनिक होता, त्याच्या दृष्टीनं ते सैन्यातून पळणं होतं, आणि तेही युद्धकाळात. बातमी सगळीकडे पोचायच्या आत गाडी स्वित्झर्लंडच्या हद्दीत गेली. तिथून इटली, मग ट्युनिस. एक खेळाडू सीमेवर पकडला गेला. नऊ-दहा जण पोचले. त्यांत मोनॅकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी होता. फ्रान्सच्या संघातली त्याची जागा पक्की होती. अब्देलअझीझ बेन तिफूर तर १९५४ चा विश्वचषक फ्रान्सकडून खेळलेला होता.

रशीदचं वय एकवीस. त्या वयात खेळाडूला विश्वचषकाशिवाय दुसरं काय दिसतं? जूनमध्ये स्वीडनला फ्रान्सनं तिसरा क्रमांक मिळवला. जुस्त फोंतेननं एका स्पर्धेत तेरा गोल केले, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. फोंतेन स्वतः मोरोक्कोत जन्मलेला, त्याचा साथीदार कोपा पोलिश वंशाच्या खाणकामगाराचा मुलगा. रशीद त्या फळीत असता तर काय झालं असतं, यावर फ्रेंच लोक बरीच वर्षं बोलत राहिले. मला वाटतं, हा प्रश्न फ्रान्सपेक्षा रशीदलाच जास्त महाग होता. त्याला विश्वचषक खेळाडू म्हणून पुन्हा कधीच मिळाला नाही.

ट्युनिसमध्ये त्यांना राहायला घर आणि माफक पगार मिळाला. फ्रेंच महासंघाच्या सांगण्यावरून फिफानं बजावलं, या संघाशी जो खेळेल त्याच्यावर कारवाई होईल. तरी मे १९५८ मध्ये ट्युनिसमध्येच सामने सुरू झाले, मोरोक्कोला त्यांनी हरवलं. मग दौरेच दौरे. लिबिया, इराक, जॉर्डन, बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, सोव्हिएत संघ, चीन, उत्तर व्हिएतनाम. काही ठिकाणी फिफाची नजर चुकवण्यासाठी समोरचा संघ देशाच्या नावानं न उतरता शहराच्या किंवा कामगार संघटनेच्या नावानं उतरे. समोरच्यांचा दर्जाही सारखा नसे. पण १९६१ मध्ये बेलग्रेडला युगोस्लाव्हियाला त्यांनी ६-१ असं धुतलं, तेव्हा ते नुसते प्रचारक नाहीत हे सगळ्यांना कळलं. व्हिएतनाममध्ये हो चि मिन्ह त्यांना भेटले. फ्रेंचांना दिएन-बिएन-फूमध्ये हरवून तिथे पाचच वर्षं झाली होती. सामन्यांची एकूण संख्या कुणी ८३ धरतं, कुणी ९१. त्यांतले बहुतेक त्यांनी जिंकले. प्रत्येक मैदानावर, जो देश अजून झाला नव्हता त्याचा झेंडा चढे आणि राष्ट्रगीत वाजे. सेतीफला ज्या झेंड्यावर गोळी चालली, तोच हा हिरवा-पांढरा.

जुलै १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. आता ही मुलं तिथेच राहतील असं कुणालाही वाटेल. झितूनीसारखे, तिशी ओलांडलेले, राहिलेही. रशीद सव्वीस वर्षांचा होत होता, त्याच्या पायांत खेळ शिल्लक होता आणि नव्या देशात व्यावसायिक फुटबॉल नव्हता. तो आधी जिनिव्हाच्या सर्वेत क्लबात गेला, कारण तिथे स्नेला होते. नंतर सेंत-एतियेनचे अध्यक्ष रोजे रोशे यांनी त्याला परत बोलावलं. क्लब तोवर दुसऱ्या श्रेणीत घसरला होता.

ही परती मला त्या पळून जाण्यापेक्षा अवघड वाटते. युद्धात पंचवीस हजारांच्या आसपास फ्रेंच सैनिक मेले होते. अल्जेरियन किती, त्याचा हिशेब लाखांत. सक्तीच्या सेवेत अल्जेरियाला गेलेली पोरं सेंत-एतियेनच्या खाणकामगारांच्या घरांतही होतीच. त्या वर्षी अल्जेरियातले लाखो युरोपियन घरदार सोडून फ्रान्समध्ये उतरत होते. आणि या सगळ्यात, सैन्यातून पळालेला एक अल्जेरियन पुन्हा तीच हिरवी जर्सी घालून त्याच मैदानात उतरणार होता.

डिसेंबर १९६२. मैदानात शिरल्यावर काय झालं हे रशीद पुढे अनेकदा सांगत असे. सगळं मैदान गप्प होतं. शिव्या नाहीत, टाळ्याही नाहीत. मग चेंडू त्याच्याकडे आला. त्यानं समोरच्या दोघा-तिघांना चकवलं, चेंडू साथीदाराला दिला, आणि मैदान टाळ्यांनी भरून गेलं.

त्या गप्प राहण्याविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. सामना सुरू असताना ‘तुम्ही कोणाच्या बाजूचे?’ असं हसत हसत मलाही विचारलं गेलं आहे. विचारणारे वाईट नव्हते. उत्तर तोंडानं द्यायचं म्हटलं की ते नेहमी लंगडं पडतं, एवढा माझा अनुभव. रशीदकडे त्या दिवशी चेंडू होता, हे त्याचं भाग्य. अर्थात त्याचं प्रकरण वेगळं होतं. त्यानं खरोखरच बाजू घेतली होती, उघडपणे घेतली होती आणि ती कधी नाकारलीही नाही.

१९६३ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत परतला आणि १९६४ मध्ये थेट विजेता झाला. स्नेलाही परतले होते. पुन्हा १९६७, पुन्हा १९६८. रशीद आता थोडा मागे राहून खेळे, पुढच्या पोरांना चेंडू पुरवी. तरी सेंत-एतियेनसाठी त्याचे गोल दीडशेपर्यंत गेले.

१२ मे १९६८ ला फ्रेंच चषकाचा अंतिम सामना होता, तेच कोलोंबचं मैदान. दोनच रात्रींपूर्वी पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्यांवर अडथळे रचून पोलिसांशी झुंज दिली होती आणि दुसऱ्या दिवशी देशभर संप व्हायचा होता. सेंत-एतियेननं बोर्दोला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल रशीद मखलुफीचे. कप्तानाच्या हातात चषक द्यायला राष्ट्राध्यक्ष द गोल उभे होते. दहा वर्षांपूर्वी अल्जेरियाच्या पेचामुळे सत्तेवर आलेले आणि पुढे त्याच अल्जेरियाला सोडून देणारे द गोल. ‘फ्रान्स म्हणजे तुम्ही’, असं ते त्या वेळी म्हणाले, अशी आठवण सांगितली जाते. म्हाताऱ्या सेनापतीला समोर कोण उभा आहे हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

त्यानंतर बास्तियात दोन हंगाम खेळून मखलुफी थांबला आणि अल्जेरियाला गेला. प्रशिक्षक झाला. १९७५ च्या भूमध्यसागरी स्पर्धेत अल्जीर्सला त्याच्या पोरांनी अंतिम सामन्यात फ्रान्सलाच हरवलं. १९८२ च्या स्पेनमधल्या विश्वचषकात तो संघाच्या मार्गदर्शकांत होता. अल्जेरियानं पहिल्याच सामन्यात पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवून जगाला थक्क केलं. मग गटातल्या शेवटच्या सामन्यात जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी दोघांनाही सोयीचा असा १-० निकाल लागल्यावर उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलून काढला आणि अल्जेरिया बाहेर पडला. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात. विश्वचषकाशी या माणसाचं जमलंच नाही, असं म्हणायला हवं.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी मखलुफी वारले, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. सेंत-एतियेनमध्येही त्यांच्यासाठी हळहळ झाली आणि सेतीफमध्येही. सेतीफच्या ज्या मैदानावर आज त्या गावचा क्लब खेळतो, त्याचं नाव आहे ‘८ मे १९४५’.