जेजुरीची शपथ आणि मोडलेलं दत्तक

मराठीत 'दत्तक' म्हणजे दिलेला. उर्दूत त्यालाच 'लेपालक' म्हणतात, म्हणजे घेऊन पाळलेला. दोन्ही भाषा शिकवताना माझ्या लक्षात येतं की देणं, घेणं, पाळणं ही सगळी कामं मोठ्यांची आहेत. त्या मुलाला काय वाटतं, हे कुठल्याच शब्दात नाही. दत्तक नाती का मोडतात, याचं बरंचसं उत्तर इथंच आहे.

आमच्या लोणी भापकरहून मोरगावमार्गे जेजुरी जवळच. सप्टेंबर 1752 मध्ये तिथं खंडोबासमोर महाराणी ताराबाईंनी शपथ घेतली की, रामराजे आपले नातू नव्हेत. लपवून वाढवलेला आपला नातू म्हणून त्यांना पुढं आणलं होतं ते याच ताराबाईंनी. शाहू महाराजांना वारस मुलगा नव्हता. 15 डिसेंबर 1749 ला ते वारले आणि त्यांचे दत्तक पुत्र म्हणून रामराजे जानेवारी 1750 मध्ये साताऱ्याच्या गादीवर बसले.

मग बिनसलं कुठं? ताराबाईंना नातवाच्या नावानं कारभार हाती घ्यायचा होता, नानासाहेब पेशव्यांना दूर सारायचं होतं. रामराजे ऐकेनात. 24 नोव्हेंबर 1750 ला आजीनंच त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. शपथेनंतरही पेशव्यांनी त्यांना नावापुरते छत्रपती ठेवलं, कारण त्यांनाही तसाच छत्रपती सोयीचा होता. 1777 मध्ये ते वारले. ते खरे नातू होते का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण नातू असोत वा नसोत, त्यांना घरात आणलं ते एका कामासाठी. काम झालं नाही, तेव्हा नातंच नाकारलं गेलं.

याउलट बडोद्याचं पाहा. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच सयाजीराव गायकवाड. तेही राज्यासाठीच घेतलेलं मूल. पण तो कुठून आला हे कुणी लपवलं नाही, आणि शिकायला त्याला सहा वर्षं मिळाली. 1881 च्या अखेरीस कारभार हाती आला.

साध्या घरातही हेच घडतं. म्हातारपणाची काठी हवी, इस्टेटीला वारस हवा, म्हणून मूल येतं. ते जितकं मोठं होऊन येतं, तितक्या जुन्या आठवणी आणि जखमा सोबत आणतं. वयात आलं की विचारतं, मी कोणाचा? घरानं तोवर खरं सांगितलेलं नसेल, तर तिथून तडा जातो.

कुरआनच्या सूरह अल-अहजाबमध्ये पाळलेल्या मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावानं हाक मारायला सांगितलं आहे. आपल्याकडं अनेकजण याचा अर्थ 'मूल घेऊच नका' असा लावतात. मला त्यात मुलाची ओळख पुसू नका, एवढंच दिसतं. यतीमाची कफालत तर सवाबाचंच काम. 2014 च्या शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की, बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. सक्ती नाही, ज्याची त्याची मर्जी.

त्या कायद्याच्या नियमांनुसार मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. अनेक घरांना ती कटकट वाटते. पाहुणे आल्यासारखं घर आवरून ठेवतात आणि सगळं छान आहे म्हणतात. मूल रात्री झोपत नाही, चोरून खातं, बोलत नाही, हे त्याच वेळी सांगायला हवं. तेव्हा मदत मिळू शकते.