सक्तमजुरीची मजुरी

सिंदेवाही तालुक्यातला माणूस शिक्षा होऊन आत गेला, तर त्याला आधी चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहात नेतात. शिक्षा लांबची असेल तर पुढे नागपूरचे मध्यवर्ती कारागृह. तो तिथे सुतारकामाला, विणकामाला किंवा स्वयंपाकघरात लागतो. घरी उरलेल्यांना मात्र तेच जुने चक्र चुकत नाही. पावसाळ्यात पऱ्हे उपटून चिखलात वाकून रोवणी करायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा, आणि मधल्या दिवसांत रोजगार हमीच्या कामावर जायचे. एकाच घरातली दोन माणसे दिवसभर राबतात, पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या घामाची किंमत वेगवेगळी लागते. हा फरक आला कुठून, हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

चंद्रपूरचा तुरुंग तसा साधासुधा नाही. गोंडराजांच्या जुन्या राजवाड्याच्या जागेत तो उभा आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर चारच वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना याच तुरुंगात फाशी दिले गेले. त्याच आवारात एक दर्गाही आहे आणि मोहरमच्या दिवसांत तुरुंगाचा दरवाजा दर्शनासाठी लोकांना उघडा होतो. एरवी आत काय चालते, कोण काय काम करतो आणि त्याचे त्याला काय मिळते, याचा गावाला पत्ता नसतो.

सिंदेवाही ज्या झाडीपट्टीत येते, तिथल्या जुन्या लोकांना बिनमजुरीचे काम माहीत होते, आणि त्यासाठी तुरुंगात जावे लागत नसे. साहेबाचा दौरा आला की ओझी वाहायला, तंबू ठोकायला, घोड्यांना चारा आणायला गावातली माणसे बिगारीला धरली जात. वनखात्याने जंगलात वनगावे वसवली, तीही अटीवर. जमीन कसायला मिळेल, पण खात्याचे काम पडेल तेव्हा हजर व्हायचे. अशा मुलखात कैद्याने फुकट राबण्यात कोणाला काही वावगे वाटले नसेल तर नवल नाही.

सरकारला मात्र कैद्याच्या कामाची किंमत पहिल्यापासून नीट ठाऊक होती. याचे सर्वांत बोलके उदाहरण महाबळेश्वरला सापडते. १८३४ साली तिथे एक तुरुंग उभारला गेला, तो पूर्वेकडून काळ्या पाण्यावर इकडे पाठवलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी. आपल्याला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते, पण त्या माणसांचे काळे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर होते. त्यांनी घाटमाथ्यावरचे रस्ते केले, सरकारी बागांत बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. ज्या थंड हवेच्या ठिकाणी आज सहली जातात, त्याची घडी बसवण्यात या बेड्या घातलेल्या हातांचा मोठा वाटा आहे. त्यांच्यापैकी काही जण सुटल्यावर तिथेच राहिले आणि बागकाम करून पोट भरू लागले. कैदेत शिकलेल्या कामाला बाहेर दाम मिळतो, हे त्या डोंगरावर तेव्हाच दिसले होते.

त्याच काळात वरच्या पातळीवर धोरण उलट्या दिशेने निघाले. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या तुरुंग समितीने १८३८ साली अहवाल दिला. कैद्यांना रस्त्यावर कामाला काढू नये, आतच ठेवून कंटाळवाणे, रटाळ काम द्यावे, असा तिचा कल होता. काम हे उत्पादन नव्हे, ते शिक्षाच असले पाहिजे, ही समजूत तिथून घट्ट झाली. अंदमानात ती टोकाला गेली. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांसह राजकीय कैद्यांना कोलूला जुंपले गेले आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल काढण्याचा हिशेब त्यांच्या माथी मारला गेला.

पण तिजोरीला रटाळ काम परवडत नव्हते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुरुंगांचे कारखाने झाले. येरवड्याच्या कैद्यांनी विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या. आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला प्रचंड गालिचा आजही इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजवाड्यात आहे. अशा गालिच्याची एकेक गाठ हाताने मारावी लागते आणि तुरुंगात त्या हातांना मजुरी नव्हती. स्वस्त तुरुंगी माल बाजारात आला तसे बाहेरच्या व्यापाऱ्यांनी गाऱ्हाणे घातले की याच्याशी स्पर्धा कशी करायची? ते गाऱ्हाणे रास्त होते. आतल्या माणसाला कमी दिले की बाहेरच्या विणकराचाही दर पडतो.

१८९४ चा तुरुंग कायदा या सगळ्यात लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. फौजदारी कैद्याकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असे त्यात आहे. आणि कर्जापायी वगैरे आत आलेल्या दिवाणी कैद्याबद्दल? त्याने स्वतःची हत्यारे आणली आणि जेवणखाण स्वतःचे केले तर सगळी कमाई त्याची. हत्यारे आणि पोटापाण्याचा खर्च तुरुंगाचा असेल तर तेवढी रक्कम कापून बाकीची त्याची. म्हणजे मजुरी द्यायची, खर्च वळता करायचा आणि उरलेले हातात ठेवायचे, ही साधी व्यवस्था इंग्रजांनाही सुचली होती. सक्तमजुरीच्या कैद्याला तेवढी ती लागू केली नाही.

मराठी मुलखात वेगळी वाट एका लहानशा संस्थानाने काढली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. कैद्यांनी तिथे कुटुंबासह राहायचे, शेती करायची आणि त्या कष्टावर जगायचे. ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' याच प्रयोगावर उभे आहेत. चित्रपट सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण वसाहतीचे मर्म मागे पडले. तिथला कैदी स्वतःच्या कष्टावर बायकोमुलांना पोसत होता. पुढे महाराष्ट्रात पैठण, मोर्शी अशी खुली कारागृहे झाली, गडचिरोलीलाही एक आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे हीदेखील सक्तीची मजुरीच. पुढच्याच वर्षी केरळच्या उच्च न्यायालयाने कैद्यांच्या बाबतीत हाच मुद्दा घेतला. शेवटी २४ सप्टेंबर १९९८ रोजी गुजरात सरकारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याकडून काम घेता येईल, पण त्याला न्याय्य मोबदला द्यावाच लागेल. दर ठरवायला राज्यांनी मंडळ नेमावे, पोटापाण्याचा खर्च लक्षात घ्यावा, आणि मजुरीतला एक भाग गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी ठेवण्याचा कायदा करावा. त्याच वर्षी जुलैत जर्मनीच्या घटना न्यायालयानेही कैद्याच्या कामाला योग्य मोबदला हवा असे सांगितले होते.

निकालाला पाव शतक होत आले तेव्हा, ऑगस्ट २०२३ मध्ये, महाराष्ट्राने दर वाढवले. कुशल कैद्याला दिवसाला ६७ चे ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या कारागृहात ९४. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २७३ रुपये होता, २०२५-२६ मध्ये तो ३१२ झाला. सिंदेवाहीच्या घरात हे मांडून पाहावे. आतल्याने महिन्यात २५ दिवस भरले तर १,३२५ रुपये. त्यातून त्याचा साबण, तेल, कॅन्टीनचा खर्च. बाहेर त्याच्या बायकोला तेवढेच दिवस रोजगार हमीवर मिळाले असते तर ६,८२५.

१ मे २०२२ रोजी येरवड्यात राज्य सहकारी बँकेने बंद्यांसाठी 'जिव्हाळा' कर्ज योजना सुरू केली. ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. मुलीच्या शिक्षणाला, आईच्या औषधाला बंद्याला पैसे पाठवता यावेत हा हेतू मनापासूनचा आहे. पण ७४ रुपये रोजाने ५० हजार फेडायचे तर व्याज सोडूनही पावणेसातशे दिवस लागतात, तेही एक रुपया खर्च न करता.

गावातला माणूस विचारतो की चिखलात दिवसभर वाकून जे मिळते, तेच खून करणाऱ्याला का द्यायचे? प्रश्न खरा आहे, त्याला उडवून लावू नये. उत्तरही साधे आहे. पूर्ण मजुरी त्याच्या हातात पडणारच नाही. जेवण, कपडे, औषधाचा खर्च कापला जाईल आणि ज्या घराचे नुकसान झाले त्यांचा वाटाही त्यातूनच निघेल. ५३ रुपयांतून त्या घराला काय देणार? आज बंद्याची कमी मजुरी त्याच्या मुलांना भोगावी लागते आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्यालाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही. म्हणजे न्याय्य मजुरीचा बोजा सरकारला वाटतो तेवढा मोठा नाही. आणि काम कोणाला कोणते द्यायचे, यातला जातीचा जुना हिशेब सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवला आहे. झाडू कोणाच्या हातात, हे बदलायचा आदेश निघाला. त्या झाडूची मजुरी किती, हे राज्याने ठरवायचे आहे.

केरळने २०२६ च्या सुरुवातीला कुशल कैद्याचा रोज १५२ वरून ६२० रुपयांवर नेला. महाराष्ट्रालाही ते जड जाऊ नये. रोजगार हमीचा जो दर सिंदेवाहीच्या मजुराला, तोच बंद्याच्या कामाचा पाया धरावा. खर्च उघड हिशेबाने कापावा, पीडिताचा वाटा कायद्याने बाजूला काढावा, आणि उरलेले पैसे दर महिन्याला थेट घरच्या खात्यात जमा करावेत.