डोरा-माइराच्या खडकाची कालगणना

इटलीतील पो नदी ज्या मोन्विसो शिखरापाशी उगम पावते, त्याच्या पूर्वेस पसरलेल्या डोरा-माइरा पर्वतखंडात, पारीजी नावाच्या वस्तीजवळ, फिकट अभ्रकयुक्त खडकात गुलाबी गार्नेटचे, क्वचित वीतभर रुंदीचेही, खडे रुतलेले आढळतात. १९८४ साली क्रिस्तियाँ शोपँ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने त्यांच्या पोटात कोएसाइट ओळखले. कोएसाइट आणि गारगोटी यांचे घटक एकच. परंतु सुमारे २८ किलोबार दाब, म्हणजे ९० किलोमीटरांहून अधिक खोलीचा भार, सोसल्याखेरीज अशा खडकातील गारगोटी ते रूप धारण करीत नाही. खंडाचे कवच हलके, म्हणून ते प्रावरणात इतके खोल बुडू शकत नाही, ही तोवरची समजूत या सूक्ष्म कणांनी मोडीत काढली. खडक वर येताना दाब ओसरला, कोएसाइटची पुन्हा गारगोटी होऊ लागली आणि वाढत्या आकारमानाने भोवतीच्या गार्नेटला अरीय भेगा पाडल्या. तरीही त्या कणखर खनिजाने थोडेसे कोएसाइट जतन केले, हे मला या सर्व हकिकतीतील सर्वांत विलक्षण वाटते.

खोलीचा दाखला असा हाती आला. तारखेचा निवाडा मात्र लांबला. अभ्रकातील आर्गॉन मोजून प्रथम सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा काळ निघाला. पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी क्षयातून साठणाऱ्या या वायूवरून वय काढताना, खनिज घडतेवेळी त्यात आर्गॉन नव्हता असे गृहीत धरलेले असते. येथे मात्र मूळ खडकातील आर्गॉन खोलवर कोंडला जाऊन अभ्रकात मुरला होता आणि वय फुगवून दाखवीत होता. डीटर गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली झिरकॉनच्या कणांतील युरेनियम व शिसे तपासून ते सुमारे साडेतीन कोटी वर्षांवर आणले. या दुरुस्तीने केवळ आकडा बदलला नाही: डायनोसॉरांच्या काळात ढकललेली घटना आल्प्सच्या खंडसंघर्षाच्या ऐन भरात येऊन बसली.

पुढे २००१ साली रुबाट्टो व हेर्मान यांनी टायटॅनाइटच्या निरनिराळ्या पिढ्यांचे वय आणि दाब यांची सांगड घातली, तेव्हा हा खडक आरंभी वर्षाला सुमारे ३.४ सेंटिमीटर, म्हणजे भूपट्ट ज्या गतीने खाली जातात जवळजवळ त्याच गतीने, वर आल्याचे आणि भूपृष्ठाजवळ येता येता त्याची चाल मंदावल्याचे दिसून आले.