तपकिरी डागांवर लेसर : उपचारापूर्वी निदान का महत्त्वाचे

त्वचेवरील तपकिरी डाग लेसर किरणांनी काढण्याचा उपचार आता महानगरांपुरता राहिलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे असे यंत्र असते आणि त्याच रस्त्यावरच्या सौंदर्यकेंद्राच्या फलकावरही डागमुक्त चेहऱ्याचे आश्वासन असते. मात्र तपकिरी दिसणारा प्रत्येक डाग एकाच जातीचा नसतो. उतारवयात हाताच्या पाठीवर उमटलेला ठिपका, गोऱ्या मुलीच्या नाकावर उन्हाळ्यात गडद होणारे ठिपके, दंडावरची जन्मखूण आणि गालावरचा वांग हे सारे सामान्य नजरेला सारखेच भासतात. त्यांतील काही एक-दोन बैठकांत जातात, काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात, काही जाऊन परत येतात, तर काही लेसरनेच अधिक काळवंडतात. रुग्णाचा पैसा, वेळ आणि चेहरा पणाला लागतो तो याच फरकापाशी.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य रंगपेशींमध्ये तयार होते. या पेशी बाह्यत्वचेच्या अगदी तळच्या थरात असतात आणि मेलॅनिनचे सूक्ष्म कण आसपासच्या पेशींना पुरवीत राहतात. रंगद्रव्य बाह्यत्वचेत साठले तर डाग तपकिरी दिसतो; त्याखालच्या अंतस्त्वचेत असेल तर करडा किंवा निळसर दिसतो. रंगावरून खोलीचा अंदाज बांधण्याची तज्ज्ञांची ही पहिली खूण आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर निर्माण केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचे त्वचेवरील परिणाम तपासले. तथापि आसपासची कातडी न भाजता केवळ रंगद्रव्य कसे फोडावे, याचे सूत्र १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. बशीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसेच वस्तू जितकी लहान तितकी ती लवकर थंड होते. मेलॅनिनचा कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनही लहान असतो आणि सेकंदाच्या सुमारे दहा लाखाव्या भागात उष्णता सोडून देतो. प्रकाशाचा झोत त्याहून अल्पकाळ टिकला, तर उष्णता शेजारी पसरण्याआधीच कण फुटतो. फुटलेले तुकडे काही अंशी खपलीबरोबर गळतात आणि उरलेले शरीरातील भक्षक पेशी उचलून नेतात.

या तत्त्वावर ‘क्यू-स्विच्ड’ लेसर चालतात. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले असता त्यांतील काही भागच त्यांचा झोत टिकतो. ‘पिको’ लेसरचा झोत त्याहूनही अल्पकाळ टिकतो; अशा पहिल्या यंत्राला अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता २०१२ मध्ये मिळाली. प्रकाशाची तरंगलांबीही तितकीच महत्त्वाची. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मेलॅनिन भरभरून शोषते, पण तो वरच्या थरातच अडतो. १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश खोल उतरतो आणि वाटेतल्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. माणकाचा ६९४ आणि अ‍ॅलेक्झांड्राइटचा ७५५ नॅनोमीटरचा लेसर या दोहोंच्या मधले. ‘आयपीएल’ म्हणून ओळखली जाणारी प्रकाशझोताची यंत्रे मात्र लेसर नव्हेत. त्यांतून अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश पडतो आणि सावळ्या त्वचेवर त्यांचा वापर विशेष जपून करावा लागतो.

भारतीय रुग्णाच्या दृष्टीने खरी अडचण येथेच सुरू होते. लेसरला डागातले मेलॅनिन आणि भोवतालच्या निरोगी त्वचेतले मेलॅनिन यांत भेद करता येत नाही. जेथे रंग अधिक तेथे उष्णता अधिक, एवढेच तो जाणतो. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे वर्गीकरण केले, तेव्हा त्यात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते; सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार पुढे जोडण्यात आला. बहुसंख्य भारतीयांची त्वचा तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेला इजा झाली की ती बरी होताना अधिक रंग तयार करते. मुरूम फोडल्यावर मागे राहणारा काळा डाग सर्वांच्या परिचयाचा आहे. लेसरनंतर काही आठवड्यांनी दिसणारे काळवंडणे त्याच जातीचे. ते बहुधा काही महिन्यांत ओसरते, पण तोवर रुग्णाला उपचार उलटल्यासारखेच वाटते. म्हणून गोऱ्या त्वचेसाठी ठरलेली ऊर्जेची मात्रा येथे जशीच्या तशी वापरता येत नाही आणि आधी लहानशा जागी चाचणी घेणे हिताचे ठरते.

वयोमानाने येणारे ठिपके वास्तविक वयाचे नसून वर्षानुवर्षांच्या उन्हाचे असतात. वैद्यकात त्यांना लेंटिगो म्हणतात. त्यांचा रंग वरच्या थरातच असल्याने ते लेसरला उत्तम प्रतिसाद देतात; बहुधा एक ते तीन बैठका पुरतात. फ्रेकल्स नावाचे बारीक ठिपके आनुवंशिक असून उन्हात गडद आणि सावलीत फिके होतात. तेही लेसरने सहज जातात, परंतु पुढच्या उन्हाळ्यात परतूही शकतात. याउलट पुष्कळ भारतीयांच्या गालांवर आणि मानेवर वयाबरोबर येणारे काळसर दाणे किंचित उंचवट्याचे असतात. ते रंगाचे डाग नसून त्वचेची निरुपद्रवी वाढ असते आणि विद्युत्‌दहनाच्या साध्या उपकरणानेही निघते. त्यासाठी महागड्या लेसरचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

जन्मखुणांबाबत आपल्याकडे समजुती अनेक. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले की बाळाच्या अंगावर डाग उमटतो, ही त्यांतलीच एक. तिला कोणताही वैद्यकीय आधार नाही, मात्र तिच्यामुळे दोष मातेच्या माथी येतो. लेसरच्या संदर्भात जन्मखुणांचा एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. दुधाळ कॉफीच्या रंगाचा ‘कॅफे-ओ-ले’ डाग अगदी वरवरचा असतो, तरी तो हट्टी ठरतो. लेसर साठलेला रंग फोडतो, पण अधिक रंग बनविणाऱ्या पेशी तेथे पुन्हा जम बसवतात आणि डाग परततो. असे मोठे डाग सहा किंवा अधिक असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराची तपासणी आधी करावी लागते. तेथे सौंदर्याचा प्रश्न दुय्यम ठरतो. किशोरवयात बहुधा मुलांच्या खांद्यावर उमटणारा, पुढे केसाळ होणारा ‘बेकर’ डागही लेसरला पुरता जुमानत नाही.

दुसरीकडे कपाळ, पापणी आणि गाल व्यापणारा ‘ओटा’ डाग. तो तपकिरी-करडा ते निळसर असतो, बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला येतो आणि आशियाई लोकांत, विशेषतः स्त्रियांत, अधिक आढळतो. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांच्यावरून त्याला हे नाव पडले. हेच गृहस्थ किनोशिता मोकुतारो या टोपणनावाने कवी आणि नाटककार म्हणूनही ख्यात होते. या डागातल्या रंगपेशी अंतस्त्वचेत खोलवर असतात. लेसरपूर्वी तो झाकण्याखेरीज किंवा व्रण पत्करून काढण्याखेरीज विशेष मार्ग नव्हता. आज १०६४ नॅनोमीटरच्या लेसरने तो पुष्कळ रुग्णांत जवळजवळ नाहीसा होतो, कारण खोलवरच्या त्या पेशी एकदा नष्ट झाल्या की सहसा पुन्हा वाढत नाहीत. मात्र दोन-तीन महिन्यांच्या अंतराने सहा ते दहा, प्रसंगी अधिक बैठका लागतात. विवाह ठरण्याच्या सुमारास आणलेल्या मुलीच्या पालकांना हे वेळापत्रक आधीच स्पष्ट सांगणे आवश्यक असते. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही रंग असल्यास काचबिंदूच्या दृष्टीने नेत्रतपासणी करून घ्यावी.

सर्वाधिक निराशा वांगाच्या रुग्णांच्या वाट्याला येते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत व्यंग म्हणून वर्णिलेला हा विकार ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या संयोगाने होतो. गर्भारपणात तो अनेकदा प्रथम दिसतो. लेसरने तो काही काळ फिका होतो, परंतु पुन्हा उलटण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि वारंवार केलेल्या ‘लेसर टोनिंग’ने मधूनमधून पांढरे ठिपके उमटू शकतात. वांगावर उन्हापासून संरक्षण आणि वैद्यकीय देखरेखीखालील मलमे हाच पहिला उपाय होय. येथेही एक सापळा आहे. स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची मलमे चिठ्ठीविना महिनोन्‌महिने लावल्याने त्वचा पातळ, लाल आणि केसाळ झालेले रुग्ण देशभर आढळतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे ‘एच’ अनुसूचीत आणून चिठ्ठी सक्तीची केली. अशी मलमे वापरली असल्यास लेसरपूर्वी डॉक्टरांना ते सांगणे अगत्याचे आहे.

भारतीयांत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग विरळ आहे. तो आढळतो तेव्हा बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली असतो, त्यामुळे उशिरा लक्षात येतो. आकार वाढणारा, कडा वाकड्यातिकड्या झालेला, अनेक छटांचा किंवा रक्त येणारा डाग लेसरने पुसणे घातक ठरू शकते. रंग जातो, रोग आत राहतो आणि निदान लांबते. जन्मजात मोठ्या तिळांनाही हेच लागू आहे. डर्मोस्कोप या भिंगाच्या उपकरणाने काही मिनिटांत होणारी तपासणी म्हणूनच टाळू नये. लेसरने रंगीत डाग व गोंदण काढण्याविषयी देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. हा उपचार केवळ सौंदर्यासाठी असल्यास आरोग्यविम्यात तो सहसा बसत नाही.

प्रत्यक्ष उपचार अल्पावधीचा असतो. बधिर करणारे मलम तासभर लावून ठेवतात, डोळ्यांवर संरक्षक आवरण घालतात; झोत पडताच डाग क्षणभर पांढरा होतो आणि रबर ताणून सोडल्यासारखी चुणूक जाणवते. नंतर आलेली खपली चेहऱ्यावर सात ते दहा दिवसांत, हातापायांवर त्याहून उशिरा गळते. ती खरवडल्यास व्रण किंवा नवा डाग राहण्याची भीती असते. उपचारापूर्वी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळावे लागते. शेतात किंवा दुचाकीवर दिवस काढणाऱ्यांनी हिवाळा निवडलेला बरा. साधे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, पण वांग व काळवंडणे दृश्य प्रकाशानेही वाढते, म्हणून अशा रुग्णांना लोहऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन सुचविले जाते. नवजात बालकांच्या कमरेवर दिसणाऱ्या निळसर डागांना यांपैकी काहीच लागत नाही. ते बहुधा शाळेत जाण्याच्या वयापर्यंत आपोआप विरतात.