उलट्या फळांचा आघाडा

श्रावण लागला की दादरच्या फुलबाजारात, पुण्याच्या मंडईत आणि गावोगावच्या आठवडी बाजारात दुर्वांच्या जुडीशेजारी एक खरबरीत रानकाडी विकायला येते. गिऱ्हाईक ‘आघाडा-दुर्वा द्या’ असं एका दमात म्हणतं, टोपलीवाली दोन्ही एकाच पानात बांधते. दुर्वा कशाला, हे घरातलं पोरही सांगेल. आघाडा कशाला, असं विचारलं तर मात्र उत्तर बहुतेक एकच येतं : लागतो.

तो का लागतो, याचा माग सुमारे तीन हजार वर्षं मागे, थेट अथर्ववेदापर्यंत जातो. तिथे या झुडपाला संबोधून रचलेली सूक्तंच आहेत आणि त्यांचं काम एक आहे. कुणी शाप दिला, करणी केली, काही पुरून ठेवलं, तर ते ज्याचं त्याच्याकडे परत पाठवायचं. चौथ्या कांडातली १७, १८ आणि १९ ही तीन सूक्तं आणि सातव्या कांडातलं ६५वं सूक्त याच कामाची.

इतक्या वनस्पती असताना हीच का? उत्तर झुडपाच्या अंगावरच आहे. पावसाळा सरताना आघाड्याला हात-दीड हात लांबीचे तुरे येतात. बऱ्याच फुलाफळांची तोंडं वर किंवा बाहेर असतात. आघाड्याची फळं धरली की खाली वळतात आणि दांडीला चिकटून जमिनीकडे तोंड करून बसतात. तुऱ्यावरून बोट वरून खाली फिरवलं तर सहज सरकतं, खालून वर नेलं की टोचतं. रानातून चालणाऱ्याच्या धोतराला, पातळाच्या काठाला, शेळीच्या केसांना ही फळं चिकटतात आणि आघाडा गावभर पसरतो. वेदातल्या ऋषींनी हे नेमकं पाहिलं होतं. अथर्ववेदात त्याला ‘प्रतीचीनफल’, म्हणजे उलट्या तोंडाच्या फळांचा, असं विशेषण आहे. ज्याची फळंच मागे फिरलेली, तो आलेली पीडाही मागे फिरवील, हा त्यामागचा विचार. जादूचा असला, तरी तो डोळे उघडे ठेवून केलेल्या निरीक्षणातून आलेला आहे, आणि म्हणूनच तो इतका टिकला असावा.

दुसरा धागा नावाचा. संस्कृतात आघाडा म्हणजे अपामार्ग. त्याचा मार्गाशी, वाटेशी संबंध लावायचा मोह होतो, पण वेदाने स्वतः लावलेली व्युत्पत्ती ‘अप’ आणि ‘मृज्’ अशी आहे. मृज् म्हणजे पुसणं, घासून स्वच्छ करणं. मार्जन त्यातूनच आलं, आणि सदा अंग चाटून साफ ठेवणारं मार्जारही. अपामार्ग म्हणजे पुसून टाकणारा. सूक्तांमध्ये या शब्दावर पुन्हा पुन्हा खेळ आहे. भुकेने येणारं मरण, तहानेने येणारं मरण, निपुत्रिकपण, वाईट स्वप्नं, सगळं तुझ्याकरवी आम्ही पुसून टाकतो, असा त्यांचा आशय.

यातली भूक पुढे फार अनपेक्षित ठिकाणी भेटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचं नावच ‘अपामार्गतण्डुलीय’ आहे, कारण त्याची सुरुवात आघाड्याच्या बियांपासून होते. याच अध्यायात निरनिराळ्या पेजांची यादी आहे आणि त्यात आघाड्याचं बी, दूध आणि घोरपडीचा रस्सा यांत शिजवलेली एक पेज भूक मारणारी म्हणून सांगितली आहे. मंत्रातली गोष्ट वैद्याच्या चुलीवर येऊन पोचली.

राजालाही या झुडपाची गरज पडे. राजसूय यज्ञात आघाड्याच्या दाण्यांचा एक होम असे, त्याचं वर्णन शतपथब्राह्मणाच्या पाचव्या कांडात आहे. देवांनी आघाड्याने दिशांमधले राक्षस पुसून काढले, म्हणून यजमानानेही तसं करायचं. तिथेही उलट्या फळांची आठवण आहे. आणि होम आटोपल्यावर मागे वळून न पाहता परत यायचं, असं सांगितलेलं आहे. मीठ-मोहऱ्यांनी मुलाची दृष्ट काढून ती तिठ्यावर टाकायला जाणाऱ्या बाईला घरातली म्हातारी अजून हेच बजावते.

यज्ञशाळेतला हा आघाडा घराच्या न्हाणीत आला तो नरक चतुर्दशीच्या निमित्ताने. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, म्हणजे बाबा पाध्यांचा, ‘धर्मसिंधु’ १७९०चा. मराठी घरांतले सणवार पुढे बरेचसे याच ग्रंथांवरून ठरत गेले. नरक चतुर्दशीला पहाटे तेल लावून स्नान करायचं आणि स्नान चालू असतानाच नांगरटीतलं ढेकूळ, आघाडा, कडू भोपळ्याचा वेल आणि टाकळ्याची डहाळी अंगावरून फिरवायची, असा विधी त्यांत सांगितला आहे. चारही गोष्टी शेताच्या बांधावरच्या, फुकट मिळणाऱ्या. उटणं, सुवासिक तेल, पणत्यांची आरास यांच्या मानाने हा भाग दरिद्री दिसतो, पण अभ्यंगस्नानातला सर्वांत जुना थर बहुधा हाच आहे. तळकोकणात आणि गोव्यात त्याच पहाटे तुळशीपुढे कारीट पायाच्या अंगठ्याखाली फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात. तेही बांधावरचंच फळ.

शहरी घरांतून डहाळी गेली, तेल-उटणं राहिलं. काही घरांत मात्र आई अजून आघाडा आणून ठेवते, अर्ध्या आंघोळीत तो मुलाच्या डोक्यावरून फिरवते आणि बाहेर टाकून देते.

बायकांच्या हातातला आघाडा मात्र श्रावण-भाद्रपदात ठसठशीत उभा आहे. भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, त्याला दर शुक्रवारी आघाड्याची माळ घालतात. जिवती मुलाबाळांची राखणदार. तिचं मूळ जरासंधाचे दोन तुकडे जोडणाऱ्या जरा राक्षसीशी सांगतात. राक्षसांना पुसून काढणारी वनस्पती एका राक्षसीच्याच गळ्यात पडावी, आणि तिने पोरं सांभाळावीत, ही मराठी घरांनी केलेली फार मायेची तडजोड आहे. गणपतीच्या एकवीस पत्रींत आघाडा असतो, नवग्रहांपैकी बुधाची समिधाही त्याचीच. ऋषिपंचमीला त्याच्या काडीने दात घासतात. या व्रताची कहाणी विटाळाला पाप मानते, तिचा तो भाग आता उगाळू नये हेच बरं. दातांवरची काडी मात्र साध्या स्वच्छतेची आहे.

कारण आघाडा खरोखरच पुसून काढतो. तो जाळला की राखेत भरपूर क्षार उरतो. परीट ही राख कपडे धुवायला वापरत. सुश्रुताच्या परंपरेत क्षार हे शस्त्राच्या तोडीचं साधन. विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भगंदरावरच्या क्षारसूत्राला पुन्हा उभं केलं. शस्त्रक्रियेच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून एकवीस थर चढवतात, दोरा नाडीव्रणात बांधतात आणि साधारण दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते.

याच आघाड्याचं मूळ विंचवाचं विष उतरवण्यासाठी कोकणात आणि देशावर सर्रास वापरलं जाई. इथे मात्र मायेला जागा नाही. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, आणि मूळ फिरवण्यात गेलेला वेळ मुलांच्या जिवावर बेतत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या दंशावर लागू पडतं हे दाखवलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ साली आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. जिवतीच्या माळेला आणि दिवाळीच्या डहाळीला त्याने हात लावलेला नाही.

कार्तिक येईतो तुरे वाळून तपकिरी होतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी जो कुणी बांधावरून आघाडा उपटून आणतो, त्याच्या बाह्यांवर उलट्या तोंडाची ती फळं घरापर्यंत चिकटून येतात आणि न्हाणीच्या दारात एकेक करून काढावी लागतात.