फुकट वाचलेल्या चित्रकथेसाठी साडेबारा लाख डॉलर

१/ २३ जानेवारी २०१२. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचा चित्रकथाकार रिच बर्लू याने ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एक आवाहन प्रसिद्ध केले. त्याच्या एका जुन्या पुस्तकाच्या प्रती संपल्या होत्या. ते पुन्हा छापण्यासाठी त्याला ५७,७५० डॉलर हवे होते. मुदत सुमारे महिनाभराची होती.

२/ २१ फेब्रुवारीला मुदत संपली तेव्हा १४,९५२ लोकांनी मिळून १२,५४,१२० डॉलर दिले होते. मागणीच्या जवळजवळ २२ पट. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे सहा कोटी रुपये होते. विशेष म्हणजे ही चित्रकथा पहिल्या भागापासून इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य वाचता येत होती.

३/ जे फुकट मिळते, त्यासाठी माणसे पैसे का मोजतात? वेबकॉमिकच्या जगात हा वाद त्याआधी दहा-बारा वर्षे चालू होता. त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय बर्लूच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

४/ वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन पुस्तक काढणे ही कल्पना जुनीच. इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याने होमरच्या ‘इलियड’चा अनुवाद १७१५ ते १७२० या काळात सहा खंडांत काढला, तो अशाच वर्गणीवर. दर खंडाला एक गिनी देणारे ५७५ वर्गणीदार त्याला लाभले. त्यांची नावे ग्रंथात छापली गेली.

५/ मराठी वाचकालाही ही पद्धत परकी नाही. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही तिचीच धाकटी बहीण. वाचक आधी पैसे भरतो, त्या भांडवलावर प्रकाशक कागद घेतो, छपाई करतो आणि काही महिन्यांनी पुस्तक घरी येते. व्यवहाराच्या मुळाशी असतो तो विश्वास.

६/ वेबकॉमिकची अडचण मात्र निराळी. तेथे वाचकाने मजकूर आधीच वाचलेला असतो आणि तोही फुकट. पैसे भरले नाहीत तर वाचायला मिळणार नाही, असे सांगण्याची सोय चित्रकाराकडे नसते. मग त्याने पोट भरायचे कसे?

७/ पहिले उत्तर होते जाहिरात. जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक यांची ‘पेनी आर्केड’ नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली, तो काळ इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा. २००० नंतर ती तेजी ओसरली आणि जाहिरातींचे दर कोसळले. वाचक वाढत होते; उत्पन्न मात्र आटत होते.

८/ दुसरे उत्तर मांडले स्कॉट मॅक्लाउड याने. चित्रकथेच्या कलेचा हा नामवंत भाष्यकार. ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’ या २००० सालच्या पुस्तकात त्याने सूक्ष्म-देयकांचा पुरस्कार केला. वाचकाने दर चित्रकथेला काही सेंट थेट चित्रकाराला द्यावेत; प्रकाशक, वितरक, दुकानदार हे मधले टप्पेच गळून पडतील.

९/ हिशेब मोहक होता. पण क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्क लागे आणि २५ सेंटची रक्कम त्यातच विरघळून जाई. २००३ मध्ये ‘बिटपास’ या कंपनीने तोडगा काढला: वाचकाने काही डॉलर एकदम भरून ठेवावेत आणि त्यातून थोडेथोडे खर्च करावेत. मॅक्लाउडची ‘द राइट नंबर’ ही चित्रकथा तेथे २५ सेंटला ठेवली गेली.

१०/ त्याच वर्षी इंटरनेटचा अभ्यासक क्ले शर्की याने या कल्पनेवर टीका केली. त्याचा मुद्दा असा: अडथळा पैशांचा नाही, निर्णयाचा आहे. ‘हे पान २५ सेंटच्या योग्यतेचे आहे का?’ हा प्रश्न दर पानाला पडू लागला की वाचक थकतो आणि शेजारच्या फुकट पानाकडे वळतो.

११/ काळाने शर्कीच्या बाजूने कौल दिला. जानेवारी २००७ मध्ये बिटपास बंद पडली. वाचकाला पान विकता येत नाही, हे जवळजवळ सिद्ध झाले. त्यावरून अनेकांनी पुढचा निष्कर्ष काढला की इंटरनेटवरचा वाचक पैसे देतच नाही. हा दुसरा निष्कर्ष मात्र चुकीचा होता.

१२/ कारण त्याच वर्षांत एक तिसरा मार्ग फारसा गाजावाजा न होता रुळत होता. पेपॅलमुळे वाचकाला चित्रकाराच्या खात्यात थेट पैसे टाकता येऊ लागले. फेब्रुवारी २००१ मध्ये ॲमेझॉननेही ऐच्छिक देणगीची सोय काढली. ‘पेनी आर्केड’ही काही काळ वाचकांच्या देणग्यांवर तगली.

१३/ या मार्गाची खरी परीक्षा २००४ मध्ये झाली. ‘समथिंग पॉझिटिव्ह’ या चित्रकथेचा कर्ता रँडी मिलहॉलंड नोकरी सांभाळून चित्रे काढी. भाग वेळेवर येत नाहीत, अशी वाचकांची कुरकुर सुरू झाली. वैतागून त्याने आव्हानच दिले: माझ्या वर्षाच्या पगाराइतके पैसे जमवून द्या, मी नोकरी सोडतो.

१४/ ती रक्कम होती सुमारे २२ हजार डॉलर. वाचकांनी ती साधारण महिनाभरात जमवली. शब्द दिला होता, तो पाळणे भाग होते. मिलहॉलंडने नोकरी सोडली आणि तो पूर्ण वेळ चित्रकथाकार झाला.

१५/ या घटनेत एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या माध्यमात एका पानासाठी २५ सेंट निघत नव्हते, तेथेच एका माणसाच्या वर्षभराच्या वेळासाठी हजारो डॉलर निघाले. वाचक चित्रकथेची किंमत देत नव्हता. ती पुढे चालू राहावी, याची तजवीज करत होता.

१६/ आता पुन्हा बर्लूकडे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात काही मित्र टेबलाभोवती बसून, फासे टाकून एक अद्भुत कथा मिळून रचतात. या खेळाच्या प्रकाशकांनी २००२ मध्ये नव्या काल्पनिक जगासाठी खुली स्पर्धा घेतली. ११ हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. बर्लू अंतिम तिघांत पोहोचला. जिंकला मात्र कीथ बेकर.

१७/ २००३ मध्ये बर्लूने स्वतःचे संकेतस्थळ काढले, ते मुळात या खेळावरच्या लेखांसाठी. येणाऱ्यांची करमणूक व्हावी म्हणून त्याने सोबत एक चित्रकथा सुरू केली: ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’. पात्रे काडीसारख्या हातापायांची, डोके म्हणजे एक वर्तुळ. पहिल्या भागांत खेळाच्या नियमांची निव्वळ थट्टा होती.

१८/ हळूहळू त्या काड्यांना स्वभाव फुटले. रॉय हा शहाणा पण वैतागलेला नायक, एलान हा भाबडा गवई, बेल्कर हा निर्दय बुटका. थट्टेतून एक दीर्घ कथानक उभे राहिले. त्यात पात्रे चुकत, मरत, पश्चात्ताप करत. २०१२ पर्यंत आठशेहून अधिक भाग झाले होते. नियमित वाचकांनी या मंडळींसोबत आठ वर्षे काढली होती.

१९/ उत्पन्नाचा आधार होता छापील पुस्तकांचा. २००५ पासून बर्लू स्वतःच पुस्तके काढू लागला. त्यांत इंटरनेटवरचे भाग असत, शिवाय काही नवा मजकूरही. काही पूर्वकथा तर केवळ पुस्तकातच मिळत. त्याच वर्षी फिल आणि काया फोग्लिओ यांनी ‘गर्ल जीनियस’ ही छापील चित्रकथा इंटरनेटवर फुकट आणली आणि त्यांच्या पुस्तकांचा खप वाढला.

२०/ पण एकट्या प्रकाशकापुढे एक सापळा असतो. रंगीत पुस्तक परवडण्याजोग्या दरात छापायचे तर एकदम काही हजार प्रती काढाव्या लागतात. जवळ पैसे असतात ते नव्या पुस्तकाला पुरतील इतकेच. मग जुने पुस्तक संपते. मालिकेतला एक खंड मिळेनासा झाला की नवा वाचक पुढचे खंडही घेत नाही.

२१/ बर्लूचे ‘वॉर अँड एक्सपीज’ हे पुस्तक असेच संपले होते. एप्रिल २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरचा नियम या अडचणीला नेमका लागू पडणारा होता: ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच देणाऱ्यांच्या कार्डावरून पैसे वळते होतात, नाहीतर कोणाचा एक सेंटही जात नाही. अर्धवट पैशांत अर्धवट काम, हा धोका राहत नाही.

२२/ पहिले उद्दिष्ट दोन दिवसांच्या आत पूर्ण झाले. वाचक थांबेनात, तेव्हा बर्लूने नवे टप्पे जाहीर केले: इतकी रक्कम झाली तर दुसरे संपलेले पुस्तक छापू, त्यापुढे तिसरे. देणाऱ्यांसाठी खास लिहिलेल्या छोट्या कथांची भर पडत गेली. हा महिना म्हणजे जणू वाचकांनी मिळून खेळलेला एक डाव झाला.

२३/ सरासरी काढली तर दर माणशी सुमारे ८४ डॉलर पडतात. यात पुस्तके विकत घेणारे होते, तसेच फ्रिजवर लावायच्या चुंबकापुरते दहा डॉलर देणारेही होते. हा केवळ पुस्तकविक्रीचा व्यवहार नव्हता, हे आकडाच सांगतो.

२४/ गल्लीतल्या गणपतीचे दर्शन सर्वांना फुकट असते. वर्गणी देणारा दर्शन विकत घेत नाही. मांडव उभा राहावा म्हणून देतो आणि मांडवात वर्गणी न दिलेला माणूस आला तरी त्याला वाईट वाटत नाही. बर्लूच्या वाचकांनी दिली ती अशी वर्गणी. मॅक्लाउडने मागितले होते ते तिकीट.

२५/ वर्गणीसोबत जबाबदारी येते. साडेबारा लाख डॉलर म्हणजे नफा नव्हे. त्यातून किकस्टार्टरचे पाच टक्के आणि कार्डव्यवहाराचे शुल्क वजा होते. मग छपाई, गोदाम आणि हजारो जड पार्सलांचा टपालखर्च. शिवाय वचन दिलेल्या कथा लिहायच्या आणि रेखाटायच्या होत्या एकाच माणसाने.

२६/ सप्टेंबर २०१२ मध्ये फुटलेल्या काचेने बर्लूच्या हाताला खोल जखम झाली. अंगठ्याची कंडरा तुटली, नसेला इजा झाली. चित्रकथा थांबली. जवळजवळ १५ हजार माणसांनी ज्या कामासाठी पैसे दिले होते, ते काम एका हाताच्या अंगठ्यावर अवलंबून होते, हे त्या दिवशी उघड झाले.

२७/ डिसेंबरमध्ये चित्रकथा पुन्हा सुरू झाली. पुस्तके छापून झाली, पण वचन दिलेल्या काही कथा पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागली. लोकवर्गणीची ही दुसरी बाजू. उत्साहाच्या भरात वाढवलेला प्रत्येक टप्पा हे पुढच्या वर्षांवर काढलेले कर्ज असते आणि ते फेडायचे असते श्रमाने.

२८/ एकरकमी वर्गणीत हा ताण अटळ होता. मे २०१३ मध्ये संगीतकार जॅक कॉन्टी आणि सॅम याम यांनी ‘पेट्रिऑन’ सुरू केले. तेथे चाहता दरमहा छोटी रक्कम देत राहतो. एका पुस्तकाऐवजी कलावंताच्या महिन्याला हातभार लागतो. अनेक वेबकॉमिककारांनी हा मार्ग धरला.

२९/ डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने दर देणगीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट शुल्क चाहत्यांकडून घेण्याचे जाहीर केले. एक डॉलर देणाऱ्याला त्यामुळे सुमारे १.३८ डॉलर पडणार होते. चाहत्यांनी देणग्या रद्द करायला सुरुवात केली, कलावंत संतापले आणि आठवडाभरात कंपनीने निर्णय मागे घेतला.

३०/ बिटपासच्या काळातले ठरावीक शुल्काचे भूत तब्बल चौदा वर्षांनी परत आले होते. फरक इतकाच की या वेळी एक डॉलर देणाऱ्याची बाजू घेणारे हजारो जण होते. अशा डॉलरांवरच कित्येक चित्रकारांचे घरभाडे अवलंबून होते.

३१/ ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’चे बाराशेहून अधिक भाग झाले आहेत आणि ते आजही कोणालाही फुकट वाचता येतात. १४,९५२ जणांनी पैसे दिले म्हणून इतरांसाठी दार बंद झाले नाही. मॅक्लाउडला हवे होते तेच घडले, वाचक आणि चित्रकार यांच्यामधले टप्पे गळून पडले. फक्त पैसे पानाचे आले नाहीत, पान काढणाऱ्याचे आले. समाप्त.