श्वेता भट्टड : शेताचाच कॅनव्हास करणारी शिल्पकार

मूर्तिजापूर : कापूस पिकवायचा, जिनिंगला घालायचा आन् पुढच्या साली बियाणं पुन्हा दुकानातून आणायचं, हे वऱ्हाडात घरोघरी चालतं. याच कापसातून आणि बियाण्यातून कलाकृती घडवणाऱ्या कलाकार म्हणजे नागपूरच्या श्वेता भट्टड.

शिक्षण आणि सुरुवात
श्वेता यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिल्पकलेचं शिक्षण घेतलं. स्त्रियांची सुरक्षितता, भूक आणि शेतकऱ्यांचे प्रश्न हे त्यांच्या कामाचे विषय. मात्र त्यांचं काम शहरातल्या गॅलरीपुरतं राहिलं नाही. मध्य प्रदेशातल्या सौसर तालुक्यात, मराठी बोलल्या जाणाऱ्या पारडसिंगा गावात ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ उभा राहिला. (काटोल तालुक्यातलं अनसूया मातेचं पारडसिंगा वेगळं.) शेतकरी, महिला, कारागीर आणि कलाकार यांचा हा गट आहे.

शेतातलं चित्र
‘मेक इन इंडिया’ची हाक 2014 मध्ये देण्यात आली. त्यानंतर या गटानं शेतातच पंतप्रधानांचं भलंमोठं चित्र साकारलं आणि ‘ग्रो इन इंडिया’, म्हणजे देशात पिकवा, असं आवाहन केलं. कारखान्यासोबत शेतीकडंही पाहा, हे निवेदन देऊन नव्हे, तर जमिनीवरच लिहून सांगितलं.

बीजराखी कशी असते?
गटाची सर्वात जास्त ओळख झाली ती बीजराखीमुळं. देशी कापसाचं सूत हातानं कातायचं, नैसर्गिक रंगात रंगवायचं आणि राखीत बिया बसवायच्या. सण झाला की राखी फेकायची नाही. कुंडीत किंवा परसात मातीत लावायची, पाणी घालायचं. हे काम गावातल्या आणि आजूबाजूच्या बायाच करतात. त्यामुळं त्यांना गावातच रोजगार मिळतो.

देशी बियाण्याचा आग्रह का?
देशात बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. बीटीचं संकरित बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं. देशी सरळ वाणाची सरकी मात्र राखून पुढच्या साली पेरता येते. पण देशी कापसाचा धागा सहसा आखूड असल्यानं गिरण्यांकडून त्याला मागणी कमी. हातकताईत हाच कापूस कामी येतो. म्हणून राखी हे नुसतं शोभेचं काम नाही. देशी कापसाला गिऱ्हाईक मिळवून देण्याची ती एक वाट आहे.

आपल्याकडं काय घेता येईल?
मूर्तिजापूरनं कापूस वाहून नेणारी ‘शकुंतला’ पाहिली आहे. अचलपूर आणि यवतमाळकडं जाणाऱ्या तिच्या दोन्ही वाटा इथूनच फुटायच्या. कापूस बाहेर गेला, त्यावरची पुढची कमाईही बाहेरच गेली. पारडसिंग्याचा धडा एवढाच : कापसावरची थोडी प्रक्रिया गावात झाली, तर मजुरी गावात राहते. बचत गटांना सुरुवात करायला एक टकळी, थोडा देशी कापूस आणि घरची राखलेली बियाणी पुरेशी आहेत.